स्वच्छ फेरी

तीन वाजले की मावशींचं कपाळ दुखायला लागे. खरेदी विभागातलं भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं आणि ते कुणी दुरुस्तही करत नव्हतं, कारण मावशींच्या पर्सची चेन सरकल्याचा आवाज आला की सगळे समजत, तीन वाजले, आता चहा येईल. मावशी टंकलेखिका होत्या. बावीस वर्षं त्याच खिडकीशेजारी बसून त्यांनी सैन्याच्या बुटांपासून तंबूंपर्यंत सगळ्याच्या निविदा टंकल्या होत्या, आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या दोन अधिकाऱ्यांच्याही त्या मावशीच होत्या. त्या दुपारीही त्यांनी डबी काढली, दोन्ही कानशिलांना बाम चोळला, आणि तेच बोट वर धरून त्या बांधाबांधीच्या टेबलाकडे आल्या. नापास झालेलं यंत्र परत चाललं होतं, आणि परत जाणाऱ्या वस्तूला निरोप द्यायला मावशींना आवडे. कंपनीचा माणूस खोका उघडून उभा होता. नमुना परत करताना तो दोन्ही बाजूंसमोर चालू करून दाखवायचा, चालतो आहे असं लिहून सह्या करायच्या, असा नियम. त्याने बटण दाबलं. जाडजूड पुस्तकाएवढं ते यंत्र घुं घुं करत जागं झालं, वरच्या टोकाच्या बारीक भोकातून मिनिटभर खोलीतली हवा ओढत राहिलं, पडद्यावर शून्य आलं. आणि मावशी वाकल्या. दोन तोकडे सूर आणि एक लांब, असा त्याचा ओळखीचा गळा काढून यंत्र रडू लागलं. पडद्यावर तीन काळ्या पट्ट्या चढल्या.

"अगं बाई," मावशी मागे सरकल्या. "मला काय झालंय म्हणतंय हे?"

"तुमच्या डोक्यातलं विष सापडलं त्याला," जावक कारकून म्हणाला. "आम्ही इतकी वर्षं सांगत होतो, कुणी ऐकलं नाही."

"तुझ्याजवळ नेलं तर फुटेल ते," मावशी त्याला म्हणाल्या.

सगळे हसले. परतीच्या कागदावर सही करायला टेबलापाशी उभी होती, तीही हसली. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि ते तिथून कसं काढायचं ते तिला कळेना. या यंत्राला नापास करणारा अहवाल तिच्याच हातचा होता. ती चाचणी समितीची सचिव होती, आणि 'विनाकारण सूचना देते. वर्तन बेभरवशाचे' हे शब्द तिने स्वतः, एक खोडून दुसरा लिहीत, निवडले होते.

"बामला वाजणारच," कंपनीचा माणूस खोक्यात स्पंज नीट बसवत म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही असं. "त्यात तेच असतं. त्याला काही खोटं नाही म्हणता येत."

"बंद करा ते," ती म्हणाली. "आणि आज नेऊ नका."

त्याने मान वर केली. "पावती झालीये मॅडम. सहा तासांचा रस्ता आहे मला."

"माहीत आहे. उद्या दुपारपर्यंत थांबता येईल?"

"चाचणी संपली तेव्हाच थांबायला तयार होतो मी. तुम्हीच म्हणालात, झालं आता, या तुम्ही." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा मारायला लागणारा उत्साहही त्याच्याजवळ उरला नसावा.

"हो. म्हणाले होते."

त्याने बसवलेला स्पंज पुन्हा बाहेर काढला.

हवेतली विषारी वाफ हुंगून आधी इशारा देणारी, एका हातात धरता येतील अशी यंत्रं सैन्याला हवी होती. अनेक कंपन्या आल्या, गळत गळत दोन उरल्या, आणि त्या दोन यंत्रांची बारा दिवस मैदानावर चाचणी झाली. खरं विष अशा चाचणीत वापरत नाहीत. त्याच्याऐवजी एक बिनधोक द्रव्य हवेत सोडतात. त्याची वाफ यंत्राच्या नाकात विषाच्या वाफेसारखीच वागते, आणि चाचणीपुरतं यंत्राला सांगून ठेवलेलं असतं की हेच विष समज. ते द्रव्य म्हणजे पाठदुखीच्या मलमात असतं तेच. हे समितीत सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा समितीचे अध्यक्ष म्हणालेही होते, युद्धाची तयारी करतोय की म्हाताऱ्यांच्या वॉर्डात आलोय. मग बारा दिवस तो वास केसांत, फायलीच्या पुठ्ठ्यांत, चहाच्या कपातसुद्धा राहिला, आणि तिसऱ्या दिवसानंतर तो कुणाला येईनासा झाला. तिला तर पहिल्या दिवसापासूनच आला नव्हता. ती ज्या घरातून येत होती त्या घरात दोन वर्षं तोच वास होता. संध्याकाळी ती परतली की बाबा उशीवरून मान वळवून म्हणत, "आलं का माझं मलम?" आणि पुढे, "तुझं बरं आहे. घरी गेल्यासारखंही वाटत नसेल आणि ऑफिसात आल्यासारखंही." घरी येणारा वास तिला कामाचा वाटे, कामावर येणारा घरचा. दोन्हीकडे तो आपला नाहीच, दुसऱ्या जागेचा आहे, अशी तिने समजूत करून घेतली होती. किंवा समजूतही करून घेतली नव्हती, तेवढा विचार करायला त्या दिवसांत वेळ कुठे होता.

दिवसाची सुरुवात स्वच्छ फेरीने होई. मैदानात काहीही सोडायच्या आधी दोन्ही यंत्रं गळ्यात अडकवून चारशे पावलं चालायचं. हवा स्वच्छ, म्हणजे यंत्र गप्प राहायला हवं. तिथे जे वाजेल ते विनाकारण वाजलं, आणि तीनपेक्षा जास्त वेळा विनाकारण वाजलं तर यंत्र बाद. चालायचं काम सचिवाकडे, कारण ते सगळ्यांत कंटाळवाणं होतं. ती दोन्ही यंत्रं छातीवर शेजारी शेजारी घेऊन, ती हलू नयेत म्हणून वर आडवा हात धरून, ओल्या गवतातून चालत जाई. एक यंत्र बारा दिवस शब्द बोललं नाही. दुसरं पहिल्याच दिवशी शंभराव्या पावलाला रडलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना नावं पडली होती, शहाणं आणि रडकं. रडक्याने गळा काढला की मैदानाच्या कडेला उभा असलेला यंत्रांचा जाणकार, समितीचा तिसरा सभासद, ओरडून विचारी, "भूक लागली का त्याला?" आणि ती वहीत वेळ लिहून पुढे चालू लागे. फेरीच्या आधी रोज एक छापील कागद सही करायला असे. 'मी आज अत्तर, सुगंधी तेल, मलम अगर तत्सम पदार्थ अंगाला लावलेला नाही.' बारा कागदांवर तिच्या बारा सह्या होत्या. एकही खोटी नव्हती. स्वतःच्या अंगाला तिने खरोखरच काही लावलं नव्हतं.

बाबांची पाठ चाळीस वर्षं टेबलावर वाकून नकाशे काढण्यात गेली होती. पाण्याच्या नळांचे, गटारांचे, पुलांच्या पायांचे नकाशे. शेवटी शेवटी ती पाठ उताणी होत नसे आणि पालथीही होत नसे. सकाळी ते खाटेच्या कडेला बसून सदरा मानेपर्यंत वर ओढून धरत आणि ती मागे बसून मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खाली नेई. ते हनुवटी छातीला टेकवून रस्ता सांगत. "खाली. अजून खाली. थोडी डावीकडे. गेलीस पुढे, मागे ये." सगळे मणके मोजता येत. कातडी गार असे आणि चोळता चोळता तिच्याखाली कुठूनशी ऊब वर येई, ती आपल्या हातांची की त्यांच्या पाठीची हे सांगता येत नसे. सहा मिनिटं लागत. तिला ठाऊक होतं, कारण डाव्या मनगटावरचं घड्याळ ती काढत नसे. बसची वेळ बघायची असे. घड्याळाचा पट्टा कापडी होता. हात ती साबणाने स्वच्छ धुई. पट्टा रात्री धुऊन वाळत घाली, कारण दिवसभराचा घाम असे. सकाळी बाबांची पाठ झाली की तिच्या मनगटावर नुकताच मलमात बुडालेला कापडाचा एक तुकडा असे, आणि तासाभराने ते मनगट दोन यंत्रांच्या नाकांवर आडवं असे.

त्या दुपारी सगळे चहाला गेले तेव्हा तिने कंपनीच्या माणसाला विचारलं, "जरा चालू करता?" त्याने काही न विचारता केलं. यंत्राने मिनिटभर हवा ओढली. तिने सावकाश मनगट पुढे नेलं आणि पट्टा भोकाला जवळजवळ टेकवून धरला. शून्य. पट्टा त्या दिवसांनंतर पाच आठवडे रोज धुतला गेला होता. वाजण्याचं कारणच नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं. तरी तिने हात काढला नाही. पडदा हिरवट, रिकामा. तिला वाटलं, एक पट्टी. एकच चढावी. कंपनीचा माणूस खिडकीतून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "त्याची बॅटरी कमी आहे मॅडम," आणि ते खरं नव्हतं, पडद्यावर ती भरलेली दिसत होती.

बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते. आत्या आली होती, दादा आला होता, दहा दिवस राहून कपाटातले कागद लावून गेला होता. लोक येत, पाणी पीत, खाटेकडे बघत. आत्या प्रत्येकाला सांगे, "हिने काही कमी नाही केलं हो भावाचं माझ्या. एक दिवस खाडा नाही," आणि तिच्याकडे वळून, "केलास का गं?" तीही म्हणे, "नाही, खाडा नाही केला." पहिल्यांदा ती हे संकोचाने म्हणाली. मग ते सवयीचं झालं, आणि त्यानंतर तर त्याच एका वाक्याला धरून ती उठत होती, आंघोळ करत होती, बसमध्ये बसत होती. आणखी खूप गोष्टी राहून गेल्या होत्या, त्यांची यादी करायची तिला हिंमत नव्हती. त्यांना एकदा जुन्या पुलावर जायचं होतं, आपण काढलेल्या पायाला तडा गेलाय का ते बघायला, नेलं नाही. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणायची होती. पण पाठ रोज चोळली. हे कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती चाचणीची वही घरी घेऊन आली. बाबांच्या टेबलावर बसली. टेबलाला अजून त्यांच्या सोयीचा उतार होता आणि पेन सारखं घरंगळत होतं. तिने कागदावर बारा ओळी आखल्या. डाव्या बाजूला रडकं वाजल्याची वेळ, उजवीकडे काय लिहायचं हे तिला आधी सुचेना; मग तिने 'घरी' एवढंच लिहिलं. पहिला दिवस, वाजलं. दुसरा, तिसरा, चौथा, वाजलं. सहावा, सातवा, आठवा. आठव्या दिवशी संध्याकाळी बाबांना रुग्णालयात हलवलं, आणि नवव्या दिवसापासून ती मैदानावर रुग्णालयातल्या बाकावरून, पट्टा तिथल्याच नळाखाली धुऊन, थेट येत होती. नववा, दहावा, अकरावा, बारावा: गप्प. अहवालात तिने लिहिलं होतं, 'नवव्या दिवसापासून यंत्र कोणत्याही दुरुस्तीशिवाय शांत झाले, यावरून त्याचे वर्तन बेभरवशाचे ठरते.' ते वाक्य वाचताना तिला लाज वाटायला हवी होती, पण आधी वाटली ती एक विचित्र माया. तिच्या नकळत कुणीतरी त्या सकाळींची नोंद ठेवत होतं. सात वाजून बावन्न. सात पन्नास. आठला दोन कमी. कुणी म्हणजे ज्याला सगळ्यांनी रडकं म्हटलं ते. आणि शहाणं, जे तिच्या त्याच मनगटाखाली बारा दिवस गप्प बसलं होतं, ते शहाणं नव्हतंच, त्याला नाकच कमी होतं. सैन्यासाठी तेच निवडलं गेलं होतं. पुढच्या आठवड्यात करारावर सह्या होत्या. तेच घेऊन कुणीतरी कुठल्यातरी बोगद्यात शिरणार होतं आणि ते गप्प आहे म्हणून मुखवटा उतरवणार होतं.

मग तिला पाचवा दिवस दिसला. पाचव्या दिवशी रडकं वाजलं नव्हतं.

तिने वही उलटीपालटी करून पाहिली. पाचवा दिवस, स्वच्छ फेरी, दोन्ही यंत्रं शांत, तिची सही. बाबा त्या दिवशी घरीच होते. म्हणजे पाठ चोळली होती. म्हणजे पट्टा भरलेला होता आणि तरीही यंत्र वाजलं नव्हतं. मग मलमाचा काही संबंध नाही. तिच्या खांद्यांवरून काहीतरी सरकन उतरलं. संबंध नसेल तर समितीपुढे उभं राहून काही सांगायला नको, चाचणी बिघडवली म्हणून कुणी बोट दाखवायला नको, बाबांची उघडी पाठ फायलीत घालायला नको. तिने उजव्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पाचवा दिवस जुळत नाही. योगायोग असण्याची शक्यता.' तो कागद पिशवीत ठेवला आणि किती दिवसांनी ती दिवेलागणीलाच गाढ झोपली.

सकाळी ती बसथांब्यावर उभी होती. बस आली नव्हती. समोरच्या भिंतीवर रंगाऱ्याने अर्धवट सोडलेली दात घासायच्या पेस्टची जाहिरात होती, हसणाऱ्या बाईचे वरचे दात रंगवलेले आणि खालचे नुसते आखलेले. या बाईकडे आपण कधीतरी खूप वेळ बघत उभ्या होतो, असं तिला वाटलं. तेव्हा तर वरचेही दात नव्हते. शिडी लावलेली होती, रंगारी एकेक दात भरत होता, आणि तिने पाच दात भरून होईपर्यंत पाहिलं होतं. रोज बस तिच्या मागोमाग येई, ती धावत पकडावी लागे. इतका वेळ ती इथे कधी उभी राहिली? आणि मग कुणी मागून हाक मारावी तसा तो सगळा दिवस आला. बाबा खाटेच्या कडेला बसलेले, सदरा वर ओढून धरलेला, हनुवटी छातीला. आदल्या रात्री ते तीनदा उठले होते आणि त्यांच्याबरोबर ती. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आज राहू दे ना बाबा. बस जाईल." चिडून नाही. चिडून म्हणाली असती तर लक्षात तरी राहिलं असतं. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे. काही अडत नाही." त्यांनी सदरा खाली सोडला. मागचा काठ दुमडून वर राहिला होता आणि त्यांचा हात तिथे पोचत नव्हता. ती पिशवी घेत होती, तिने तो पाहिला. मग ती इथे आली आणि सतरा मिनिटं बस आलीच नाही. पाच दात. तेव्हा तिच्या मनात स्पष्ट येऊन गेलं होतं, एवढ्यात झालं असतं, परत जाऊन येऊ का. गेली नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मिळाली का बस?" ती म्हणाली, "मिळाली की." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेमाने, आणि तीन दिवसांत रुग्णालय, आणि मग ते वाक्य: खाडा नाही केला. तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं.

बस आली. ती चढली, तिकीट काढलं, उभी राहिली. पिशवीतला कागद तिला कापडातून हाताला लागत होता.

अकराला बैठक बसली. साहेब, म्हणजे समितीचे अध्यक्ष, सैन्यातून आलेले, चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे. बसताना ते आधी दुखरा गुडघा हाताने उचलून टेबलाखाली ठेवत आणि मग स्वतः बसत. शेजारी यंत्रांचा जाणकार. टोकाला मावशी, वही घेऊन इतिवृत्त उतरवायला. कंपनीच्या माणसाला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिने जे सांगायचं ते उभं राहून सांगितलं: घरी आजारी माणूस होतं, त्याला मलम लावायची, पट्ट्याला लागत असावं. आवाज नीट राहिला. कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला. "बसा तुम्ही आधी," ते म्हणाले. "आम्हाला म्हणाला असतात तर फेरी दुसऱ्या कुणी केली असती."

"लक्षात आलं नाही साहेब."

"येत नाही. माझ्या गुडघ्यालाही मी तेच फासतो. मी तर तुमच्याच मागे उभा असायचो."

"तुम्ही वीस पावलं मागे असायचात," जाणकार म्हणाला. त्याने कागद आपल्याकडे ओढला होता. "आणि हे बघा, इथे यांनी स्वतःच लिहिलंय. पाचवा दिवस जुळत नाही. सवय रोजची होती ना मॅडम? रोज लावायचात?"

तिचं बोट घड्याळाच्या पट्ट्यावर गेलं.

"रोज लावत असतील तर पाचव्या दिवशीही वाजायला हवं होतं. नाही वाजलं. म्हणजे रडकं ते रडकंच, मलम असो नसो. अकरा दिवस जुळणं हा योगायोग. असल्या पायावर सगळी चाचणी रद्द करायची म्हणजे..." त्याने हात पसरले. "मी दुष्टपणाने नाही बोलत. तुम्ही गेले दोन महिने कशातून गेलाय ते दिसतंय आम्हाला. अशा वेळी माणूस सगळीकडे आपलाच दोष बघतो."

ते इतकं समजूतदारपणे म्हटलेलं होतं की तिला एक क्षण वाटलं, असंच असेल. बसथांबा, शिडी, दात, हे सगळं थकलेल्या डोक्याने मागाहून रचलं असेल. कुणाला माहीत आहे? बाबांना माहीत होतं.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "मी एक सांगतो. चाचणी रद्द म्हणजे पुन्हा निविदा, पुन्हा मैदान. वर्ष जाईल. वर्षभर तिकडची मुलं रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन फिरतील. त्यापेक्षा शहाणं बरं, काहीतरी हातात तर असेल."

"कागदावर कुणी विसंबत नाही साहेब," ती म्हणाली. "कागद आहे म्हणून कुणी मुखवटा काढत नाही. हे गप्प राहिलं की काढतील."

"ते खरं आहे," ते म्हणाले, आणि गुडघा चोळत राहिले. "पण पाचवा दिवस? तेवढा एक दिवस मला कुणीतरी समजावून द्या, मी आत्ता सही करतो रद्द म्हणून. नाहीतर आहे तो अहवाल पुढे जाऊ दे. मावशी, तूर्त 'पाचव्या दिवसाचं कारण अज्ञात' असं लिहा."

मावशींचं पेन कागदावर टेकलं. खिडकीतून खालच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला ओरडून वाट दाखवत होता, ये, ये, अजून ये, बस. मावशींनी 'पाचव्या' लिहिलं. त्या सांत्वनाला घरी आल्या होत्या. आत्याच्या शेजारी बसून त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं, मान हलवली होती, दुसऱ्या दिवशी विभागात सगळ्यांना सांगितलंही होतं, एक दिवस खाडा नाही केला हो पोरीने. पुढच्या आठवड्यात हे इतिवृत्त त्याच टंकणार होत्या, चार प्रतींत.

"अज्ञात नको," ती म्हणाली.

पेन थांबलं. मावशींनी वर पाहिलं नाही. "मग काय लिहू?"

"लिहा, त्या दिवशी लावलं नव्हतं."

"बरोबर आहे," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. ते तिला सावरून घेत होते. "गडबडीचे दिवस. वेळ झाला नसेल. तसं लिहा मावशी, वेळेअभावी."

"नाही साहेब," ती म्हणाली. "वेळ होता."